सांगली: १०५० टीआय काढून कुठलं ग्राफिक्स कार्ड टाकू? बजेट २५ हजार, मशीन २०१९ चं

हळदपेठ
नमस्कार मंडळी, वर्षभर नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघतो, रात्री जेवण झाल्यावरचे दोन तास तेवढे माझे असतात आणि त्यात गेम खेळतो. मशीन २०१९ ला पहिल्या पगारातून हळूहळू पैसे साठवून जोडलेलं. रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, साधी एसएसडी, मॉनिटर १०८० पी ७५ हर्ट्झचा आणि त्याला एचडीएमआयच आहे, डिस्प्ले पोर्ट नाही. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबरच आलेला, त्यावर ४५० वॅट लिहिलंय.

रेड डेड २ घेतलाय सेलमध्ये, रानात घोडा बरा पळतो पण शहरात शिरलं की सेकंदाला २५ फ्रेमवर येतं आणि मधेच अडखळतं. व्हॅलोरंट ठीक चालतं. त्यात आता ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाच्या १० सिरीजला (माझं १०५० टीआय त्यातलंच) नव्या गेमचे ड्रायव्हर येणार नाहीत, फक्त सिक्युरिटीचे येतील २०२८ पर्यंत, हे वाचल्यावर ठरवलं की आता बदलायचंच. पुण्यातल्या एकाने आरटीएक्स ३०६० १२ जीबी सेकंडहँड १७ हजाराला लावलंय, म्हणतो फक्त गेमिंगला वापरलंय. फोटो चकाचक आहेत. रविवारी जाऊन घेऊन येऊ का? उरलेल्या आठ हजारात अजून काय करता येईल तेही सांगा. दोन वर्षांत एकदाच एवढा खर्च करता येतो त्यामुळे चुकायचं नाहीये.

मिरज_जंक्शन
घे डोळे झाकून. १२ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आहे भावा, आताचे नवे गेम ८ जीबीत मावेनात. माझ्याकडे हेच कार्ड तीन वर्षं झाली, एकदा त्रास नाही. आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र) मिळतं ते वेगळंच, क्वालिटी मोडला १०८० पी वर सुद्धा एएमडीच्या तशाच एफएसआरपेक्षा चित्र साफ दिसतं.

दुरुस्तीवाले_काका
थांब जरा. कार्डाचं नंतर बघू. कॅबिनेटचं झाकण काढ आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो टाक. ४५० हा आकडा मला नको, त्या तक्त्यात +१२ व्होल्ट लिहिलेलं असतं त्याच्याखाली किती अँपियर आहेत तेवढं वाचून सांग. आणि यूपीएस कितीचा आहे?

हळदपेठ
काका फोटो लोड होईना, वाचून लिहितो. +३.३ ला १८ ए, +५ ला २० ए, +१२ ला १६ ए. यूपीएस ६०० व्हीएचा. ६ पिन किंवा ८ पिन अशी वायर एसएमपीएसला दिसत नाही, फक्त प्रोसेसरची ४ पिन आणि जुन्या हार्डडिस्कच्या त्या मोठ्या चार पिनवाल्या दोन वायरी आहेत.

दुरुस्तीवाले_काका
वाटलंच होतं. आता गुणाकार कर. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टावरच जगतात, ३.३ आणि ५ चे आकडे मिळवले तरी साडेतीनशेच होतात, खोक्यावर मात्र ४५० छापलेत. म्हणजे तुझ्याकडे कामाचे १९२ च आहेत, तेही नवा असताना, आणि स्टिकर खरं बोलत असेल तर. तुझं १०५० टीआय ७५ वॅटचं, ते सगळं स्लॉटमधूनच घेतं म्हणून त्याला वेगळी वायर लागली नाही. २६०० जोरात चालला की ८०-९० च्या आसपास खातो. वर फॅन, डिस्क. इतकी वर्षं ते काठावर चालत आलंय बाळा.

३०६० एकटं १७० वॅटचं आहे. क्षणभर त्याच्याही वर उडी मारतं. दुकानदार तुला त्या मोठ्या चार पिनवरून ८ पिन करायचा कन्व्हर्टर देईल, दोनशे रुपयात मिळतो. तो लावू नकोस. ८ पिन म्हणजे १५० वॅट ओढायची परवानगी, आणि त्या हार्डडिस्कच्या बारीक वायरी एवढ्यासाठी केलेल्याच नाहीत. माझ्या टेबलावर अशी मशीन आलीत ज्यांचा प्लॅस्टिकचा जोड वितळून कार्डाच्या पिनला चिकटला होता. एकाचं तर घरी लहान पोरं झोपलेली असताना खोलीत धूर झाला होता. मी ३१ वर्षं हे काम करतोय, कार्ड स्वस्तातलं घेतलं म्हणून कुणाचं नुकसान झालेलं मी बघितलं नाही, एसएमपीएस स्वस्तातला ठेवला म्हणून झालेलं दर महिन्याला बघतो.

एक विचारतो, उन्हाळ्यात मशीन आपोआप रिस्टार्ट होतं का?

हळदपेठ
हो काका!! एप्रिल-मे मध्ये रोज एकदा तरी. मी समजत होतो गरमीनं होतंय, वरच्या मजल्याला पत्रा आहे, दुपारी खोली भट्टी होते. टेबल फॅन लावून खेळत होतो. दुकानात दाखवलं होतं तर विंडोज परत टाकून दिलं आणि पाचशे घेतले.

दुरुस्तीवाले_काका
गरमी आहेच, पण गरमीत आधी दमतो तो एसएमपीएस. आतले कपॅसिटर तापले की जेवढे वॅट द्यायला पाहिजेत तेवढे देईनात, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रिस्टार्ट घेतं. तुझ्या २५ हजारातले पहिले साडेतीन-चार हजार चांगल्या कंपनीच्या ५५० वॅट ब्रॉन्झ रेटिंगच्या एसएमपीएसवर जाणार, हे धरूनच पुढचं बोल.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून. काकांशी सहमत, आणि यूपीएसचं पण बघा, ६०० व्हीए म्हणजे बहुतेक मॉडेलला ३६० वॅट. मॉनिटर धरून सगळं त्याच्यावर. माझ्याकडे ३०६० टीआय होतं तेव्हा पावसाळ्यात लाइट गेली रे गेली की यूपीएस दोन सेकंद ओरडून बंद, मशीनही बंद, कारण गेम चालू असताना लोड त्याच्या बाहेर होता आणि बॅटरी तीन वर्षं जुनी. लाइट असताना काही कळत नाही, गेल्यावरच कळतं. कमी वॅटचं कार्ड घेतलं तर हा खर्च वाचतो.

वारणेकाठची
मी इस्लामपूरहून लिहितेय, लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, ब्लेंडर पण थोडंफार. माझ्याकडे ३०६० १२ जीबी आहे आणि माझ्या कामाला त्याशिवाय चालत नाही, ब्लेंडरमध्ये एनव्हिडियाच्या ऑप्टिक्सने रेंडर लवकर होतो आणि मोठा सीन १२ जीबीत बसतो. पण दादा तुम्ही फक्त गेम खेळता ना? मग १२ जीबीसाठी सेकंडहँडची जोखीम घेऊ नका असं माझं मत. मी माझं नवीन घेतलं, तीन वर्षं वॉरंटी होती आणि दुसऱ्या वर्षी फॅन गेला तेव्हा ती कामाला आली. एडिटिंग करायचा विचार असेल तर मात्र सांगा, मग माझं उत्तर वेगळं असेल.

हळदपेठ
नाही ताई, एडिटिंग काही नाही. गेम आणि टॅलीच.

मिरज_जंक्शन
एसएमपीएसचं पटलं, ते मी बघितलंच नव्हतं. पण मग १७ + ४ = २१, अजूनही बजेटमध्ये बसतंय की ३०६०. सेकंडहँड म्हणजे खराबच असं थोडंच आहे.

आयर्विनपूल
सेकंडहँडवर मी लिहितो, कारण मी ठेच खाल्लीय.

३०६० आलं २०२१ ला, तेव्हा कार्डावर क्रिप्टो मायनिंग करायचा जोर होता आणि कार्डं मिळत नव्हती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डावरचं मायनिंग बंद केलं आणि मग ही सगळी कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड घेऊच नये असं मी म्हणणार नाही, चिप बऱ्याचदा ठणठणीत असते, पण मेमरी वर्ष-दीड वर्ष सतत तापलेली असते आणि फॅनचे बेअरिंग संपत आलेले असतात. "फक्त गेमिंग" हे सगळेच म्हणतात.

पण आपल्या सांगलीवाल्यांनी अजून एक गोष्ट बघायला पाहिजे ती बाहेरचा कोणी सांगणार नाही. पाणी. ऑगस्ट २०१९ ला आमच्या गावभागात पुराचं पाणी घरात शिरलं, परत जुलै २०२१ ला. पाणी ओसरल्यावर लोकांनी टीव्ही, कॉम्प्युटर उन्हात वाळवले, ज्यांचे चालू झाले त्यांनी काही महिन्यांनी विकले. मी त्यातलंच एक कार्ड घेतलं. वरून पुसून लख्ख केलेलं. सहा महिन्यांनी स्क्रीनवर रेघा आणि मग काळं. उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये गाळाचा बारीक पिवळा थर वाळून बसलेला आणि एका कोपऱ्यात हिरवट बुरशीसारखं चढलेलं. तेव्हापासून मी आधी मागची लोखंडी पट्टी बघतो, तिच्या स्क्रूच्या भोकाला गंज असेल तर तिथूनच परत. मग एचडीएमआयच्या तोंडात टॉर्च मारून आत बघतो, स्क्रूवर ओरखडे आहेत का बघतो, म्हणजे उघडलेलं कळतं. मग समोर बसून अर्धा तास फरमार्क किंवा हेवन (कार्डावर ताण टाकणाऱ्या टेस्ट) लावायला सांगतो, पाच मिनिटं नाही, अर्धा तास, आणि जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून नाव तपासतो. जुनी चिप घालून १०५० टीआय म्हणून विकलेली खोटी कार्डं भरपूर फिरलीत, त्यांच्या नावापुढे जीपीयू-झेड सरळ "फेक" लिहून दाखवतं. आरएक्स ५८० पण तसंच, २०४८ एसपी लिहिलेलं असेल तर ते नावाला ५८०, आतून ५७०.

हे सगळं जमणार असेल तर पुण्याला जा. विकणारा "मशीन नाहीये, असंच घेऊन जा" म्हणाला तर पैसे देऊ नको.

तासगावकर
इंटेलचं बी५८० कोणीच बोललं नाही? १२ जीबी, नवीन, वॉरंटीसकट.

अजिंक्यतारा
कार्ड झकास आहे पण याच्या प्रोसेसरला नाही. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतंच, इंटेल स्वतः रायझन ३००० पासून पुढे सांगतं. आणि जानेवारी २०२५ मध्ये चाचण्यांत दिसलं की रायझन २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर बी५८० बरंच मागे पडतं, कारण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त राबवतो. वर १९० वॅट.

त्याच न्यायाने एनव्हिडियाचं पण बघा. डायरेक्टएक्स १२ वर चालणाऱ्या गेममध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर एएमडीपेक्षा प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. तगडा प्रोसेसर असेल तर कळत नाही. २६०० आधीच फ्रेम द्यायला धापा टाकतो तिथे कळतं.

माझा सल्ला एएमडीचं आरएक्स ६६००, नवीन. १३२ वॅट, एकच ८ पिन, ८ जीबी. ३०६० च्या मागे-पुढेच पळतं. ४० वॅट कमी.

मिरज_जंक्शन
६६०० ला बोर्डाशी डेटाची देवघेव करायला x८ च लाइन आहेत आणि बी४५० म्हणजे पीसीआय ३.०. अर्धा रस्ता. ३०६० ला x१६ आहे.

अजिंक्यतारा
बरोबर आहे, पण ३.० च्या आठ लाइनवर ६६०० चं नुकसान अगदी थोडं होतं, खेळताना जाणवणार नाही. मार खातं ते आरएक्स ६५०० एक्सटी. ४ जीबी आणि चारच लाइन, पीसीआय ३.० च्या बोर्डात ते कधी कधी जुन्या कार्डालाही हरतं, वर व्हिडिओ रेकॉर्ड करायचा एन्कोडरच नाही त्यात. नवीन आणि स्वस्त म्हणून दुकानात तेच पुढं करतात, हे कार्ड कोणी दिलं तरी घेऊ नका.

तासगावकर
मग आरटीएक्स ५०५०? नवीनच आहे, १३० वॅट, डीएलएसएस पण मिळेल, ६६०० पेक्षा जोरात पळतं. शिवाय एएमडीचं काय खरं नाही, ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी त्यांनी आरएक्स ५००० आणि ६००० सिरीज मेंटेनन्समध्ये टाकल्याची बातमी होती.

अजिंक्यतारा
बातमी खरी आहे, ओरड झाल्यावर कंपनीने खुलासा केला की नव्या गेमचा सपोर्ट चालू राहील. तरी ६६०० हे २०२१ चं कार्ड आहे हे लक्षात ठेवूनच घ्यावं, पाच-सहा वर्षांची आशा धरू नये. ५०५० चांगलं आहे, पण इथे जो भाव सांगतात त्यात याचं सगळं बजेट कार्डातच संपतं आणि एसएमपीएस तोच राहतो.

दुरुस्तीवाले_काका
त्या एसएमपीएसवर नवं कार्ड चढवायचं नाही, एवढं एक ऐक माझं. दोन महिने थांबून पैसे साठव आणि ५०५० घे, नाहीतर आता ६६०० घे. दोन्ही वाटा बऱ्या आहेत.

आणि त्याआधी एक करून बघ. आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाक, गेममध्ये कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते बघ. रेड डेडमध्ये ज्या शहरात अडखळतं तिथेच उभा राहा. मग रिझोल्यूशन ७२० पी करून परत बघ.

हळदपेठ
केलं काका. १०८० पी ला कार्ड ९८-९९ टक्के, २६ फ्रेम. ७२० पी ला ४१ फ्रेम, कार्ड ८५ च्या आसपास, पण अडखळणं तसंच, दर थोड्या वेळानं झटका बसतो. व्हॅलोरंटला मात्र ७२० करून काहीच फरक नाही, फ्रेम तेवढेच.

दुरुस्तीवाले_काका
उत्तर मिळालं की. रेड डेडमध्ये कार्ड कमी पडतंय, रिझोल्यूशन उतरवल्यावर फ्रेम वाढले. व्हॅलोरंटमध्ये प्रोसेसरच आडवा आहे, तिथे कुठलंही कार्ड घातलंस तरी फरक पडायचा नाही. आणि ते झटके जे दोन्ही रिझोल्यूशनला राहिले ते रॅमचे. ८ जीबीत विंडोज, ब्राउझर, गेम, सगळं कोंबलंय, आणि एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनेल, रायझनला ते अजिबात सोसत नाही. अजून एक ८ ची स्टिक त्याच स्पीडची घे. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग) चालू कर, सहा वर्षात कोणी केलं नसणार. भाव चढायला लागलेत, आठवड्यात घेऊन टाक.

हळदपेठ
एक्सएमपी बंदच होतं. रॅम ३००० ची आणि चालत होती २१३३ वर.

मग मी असा विचार केला. माझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, ७५ च्या वर फ्रेम आले तरी मला दिसणार नाहीत. ५०५० जे जास्तीचं देईल ते २६०० पोचू देणार नाही असं तुमच्या बोलण्यावरून वाटतं. मॉनिटरवर फ्रीसिंक लिहिलंय. ते एचडीएमआयवर चालेल का?

अजिंक्यतारा
एएमडी कार्डाबरोबर एचडीएमआयवर चालतं. एनव्हिडियाला फ्रीसिंकच्या अशा मॉनिटरवर डिस्प्ले पोर्ट लागतं, तो तुमच्याकडे नाही. फ्रेम ५० ते ७० मध्ये खालीवर होत असताना फ्रीसिंक असेल तर चित्र फाटत नाही, आणि तुमच्या मशीनला नेमकं तसंच होणार आहे. आधी सांगितलं असतंत तर एवढी चर्चा लागली नसती!

मिरज_जंक्शन
ठीक आहे, या मॉनिटरला ६६०० पटलं मला. पुढच्या वर्षी रायझन ५ ५६०० टाक, बी४५० ला बायोस अपडेट करून चालतो, बोर्ड बदलायला नको. फक्त बायोस आधी जुन्या प्रोसेसरवर अपडेट कर, मग प्रोसेसर बदल. आणि लाइटीचा भरवसा बघून कर, मधेच गेली तर बोर्ड जाईल.

वारणेकाठची
दादा घेताना पक्कं बिल घ्या, सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि खोक्यावरचा आणि कार्डावरचा नंबर दुकानातच जुळवून बघा. बिल थर्मल कागदाचं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, वर्षभरात शाई उडते. माझा फॅन बदलून मिळाला तो त्या फोटोमुळेच.

हळदपेठ (बारा दिवसांनी)
मंडळी, झालं एकदाचं. पुण्याला गेलो नाही, त्या माणसाला अर्धा तास टेस्ट लावून दाखवा म्हटल्यावर त्यानं उत्तरच दिलं नाही. आरएक्स ६६०० दोन फॅनवालं नवीन २०,४०० ला, एसएमपीएस ५५० ब्रॉन्झ ३,७०० आणि ८ ची स्टिक २,९००. बरोब्बर २७ हजार. बजेटच्या वर दोन हजार गेले, पण १०५० टीआय मामेभावाला साडेतीन हजाराला दिलं. त्याच्या मशीनला कार्डच नव्हतं आणि याला वेगळी वायर लागत नाही. त्याचा एसएमपीएस आधी बघितला, १२ व्होल्टला ३० अँपियर आहेत, मगच दिलं.

काकांनी मेसेजवर सांगितलं तसं जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरने काढला, मशीन बंद केलं, वायर काढली, मग कार्ड बसवलं. पहिल्यांदा स्क्रीन काळीच. घाम फुटला मला. बघतो तर ८ पिनची वायर अर्धीच बसलेली, कट असा आवाज येईपर्यंत दाबल्यावर चालू झालं.

रेड डेड २, बरंचसं सेटिंग हाय वर. रानात ७५ ला टेकून बसतं, शहरात ५५ ते ६५. झटके गेले. खरंच गेले. परवा रात्री नुसता घोडा घेऊन पावसात फिरत बसलो, काही खेळलोच नाही, आई दोनदा येऊन बघून गेली की हा झोपला का नाही. व्हॅलोरंटलाही थोडे फ्रेम वाढले, काका म्हणाले तसं ते कार्डामुळे नाही, रॅम आणि एक्सएमपीमुळे. तो बदल कार्ड यायच्या आधीच दिसला होता.

दोन तास खेळून कार्ड ६८ डिग्रीला, यूपीएसवर मुद्दाम मेन स्विच बंद करून बघितलं, चार मिनिटं टिकला, सेव्ह करून बंद करायला पुरे. रिस्टार्ट अजून एकदाही नाही, पण खरी परीक्षा एप्रिलमध्ये.

काका, जुना एसएमपीएस काय करू? भंगारवाला ऐंशी रुपये म्हणतोय.

दुरुस्तीवाले_काका
भंगारातच दे, पण देताना वायर कापून दे. नाहीतर तोच पुसून परत कुणाच्या तरी कॅबिनेटमध्ये येईल. एप्रिलमध्ये इथं येऊन सांग रिस्टार्टचं, मी वाट बघतो. आणि दिवाळी-पाडव्याला ब्लोअरने धूळ काढत जा, यार्डातून येताना कपड्यावर हळद येते तुझ्या, ती फॅनमध्ये बसली की निघत नाही.

कवठेपिरान
सगळा धागा वाचला, माझ्याकडे पण असंच आहे, आय५ ९४००एफ आणि १६५०, बजेट ३० हजार. माझ्या भावाच्या ओळखीत एक ३०७० मिळतंय, घेऊ का?

हळदपेठ
आधी झाकण काढा आणि एसएमपीएसच्या स्टिकरवर +१२ च्या खाली किती अँपियर आहेत ते वाचून सांगा.